थांबवलेला ओटा

मिस्त्रीबाबा कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरले की आधी चपला दाराबाहेर, मग डोक्यावरची टोपी खिशात, आणि मग डोळे मिटून जुन्या ओट्यावरून हात. उजवा तळवा सपाट ठेवून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी सावकाश. घरची मंडळी मोबाइलमध्ये नव्या दगडांचे फोटो काढून ताटकळत उभी असत आणि या गृहस्थांचं सगळं लक्ष उद्या फोडून फेकायच्या दगडाकडे. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मला हसू आवरेना. मी नंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, डोळ्यांनीच खुणावलं की बघ, काय नमुना आलाय.

आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. माझ्या आईचा उजवा डोळा आज काम देतो तो या माणसामुळे. डॉक्टर, तपासण्या, औषधाचे थेंब हे सगळं नंतरचं. त्याआधी ओटे बसवणाऱ्या एका माणसाने आमच्या स्वयंपाकघरात दहा मिनिटं उभं राहून जे ओळखलं, ते मला दोन वर्षं तिच्याच हातचं जेवून कळलं नव्हतं. आणि मी नोकरी कसली करतो, तर हिंगण्याच्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीची. लोखंडी भागातली केसाएवढी चीर शोधायचा मला पगार मिळतो!

मिस्त्रीबाबा सत्तरीच्या आसपासचे, बुटके, रुंद पंजाचे. भुवयांवर दगडाची भुकटी कायमची बसलेली. आमच्या सक्करदरा वस्तीतल्या निम्म्या घरांचे ओटे त्यांनी बसवलेले असतील. नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि ते विचारायची गरजही कुणाला पडली नव्हती. त्यांचं एक वाक्य मात्र सगळ्यांना पाठ होतं. "दगड पाहाले दुकानात कायले जाता साहेब? आदी घरचा पाहा." कुणी टेपने लांबी-रुंदी मोजून त्यांच्या हातात कागद दिला की ते तो आदराने घडी करून खिशात ठेवत आणि पुन्हा कधी उघडत नसत. म्हणत, "ओटा फुटाच्या मापानं नाई होत. हाताच्या मापानं होते."

आमच्या समोर एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. मोठे कडक गृहस्थ. त्यांच्या घरी ओट्यावरून हात फिरवता फिरवता बाबा मध्येच थांबले, पुढच्या कडेवर बोट ठेवून म्हणाले, "इथं साहेब सैपाक करतेत." साहेबांचा चेहरा लालबुंद. काकूंचे गुडघे गेल्यापासून वर्षभर दोन्ही वेळचा स्वयंपाक साहेबच करत होते आणि ही गोष्ट त्यांनी पोटच्या मुलींनाही कळू दिली नव्हती. कडेवर पट्ट्याच्या बक्कलचे बारीक ओरखडे होते, बस्स, तेवढ्यावरून. बाबांनी नवा ओटा चार बोटं उंच केला आणि जाताना म्हणाले, "आता कंबर नाई दुखनार." त्या दिवसापासून हेडक्लार्क साहेब उघड उघड कांदे चिरू लागले, आणि भाजीत मीठ कमी पडलं की आमच्या खिडकीपर्यंत भांडण ऐकू येऊ लागलं.

त्यांच्याकडूनच बाबांचा पत्ता मिळाला. आमचा ओटा काळ्या कडप्प्याचा होता, घर बांधलं तेव्हाचा. वडील गेल्यानंतर आई काटोलजवळच्या गावाहून कायमची आमच्याकडे आली आणि स्वयंपाकघर तिने ताब्यात घेतलं. नंदा शाळेत शिकवते, त्यामुळे तिची ना नव्हती. आईला विश्रांती घे म्हटलं की ती म्हणायची, "बसून राह्यली का मी आजारी पडतो, तुले मालूम हाय ना?" तिच्या भाकरीपुढे आमचा सगळ्यांचाच विरोध गळून पडायचा. पण ओटा पार वाईट दिसू लागला होता. पुढच्या कडेचे टवके उडालेले, कोपरे फुटलेले. पाहुणे आले की नंदाला कानकोंडं व्हायचं. शेवटी ठरलं की स्वयंपाकघर पूर्ण नवं करायचं, आणि त्यावर पांढराशुभ्र, करड्या रेघांचा, चकचकीत ओटा घालायचा. नंदाने तो दगड कुठल्याशा मैत्रिणीकडे पाहिला होता आणि तेव्हापासून तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

बाबांनी आमच्या कडप्प्यावरून हात फिरवला. आई दाराशी उभी होती. "बाई डावखुऱ्या हाय," ते डोळे न उघडता म्हणाले. बरोबर. "इथं खलबत्ता राहे. लय वर्षं. मंग मिक्सर आला." बरोबर. नंदाने माझ्याकडे पाहिलं, माझं हसू एव्हाना जिरलं होतं. मग त्यांचा हात पुढच्या कडेवर आला आणि तिथे थांबला. एका टवक्यावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. खाली वाकून, डोळे उघडून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी भारी सांगणार. पण त्यांनी खिशातली टोपी काढून डोक्यावर घातली आणि म्हणाले, "दुकानात जाऊ तवा बाईले संगं आना."

आईला दुकानात यायचं नव्हतं. तिने गुडघ्याचं, उन्हाचं, उपासाचं अशी तीन कारणं एकापाठोपाठ एक दिली. तरी आम्ही तिला नेलं. दगडांचं ते दुकान म्हणजे झगमगाट नुसता. दुकानदार कौतुकाने लिंबू पिळून, हळद टाकून, पुसून दाखवत होता की बघा, डाग पडत नाही. मिस्त्रीबाबांना त्यात काडीचा रस नव्हता. त्यांनी पिशवीतून एक स्टीलची वाटी काढली, नंदाच्या आवडत्या पांढऱ्या दगडावर ठेवली आणि आईला म्हणाले, "बाई, तेवढी वाटी द्या मले." आईने हात पुढे केला. हात वाटीच्या बाजूला, रिकाम्या दगडावर पडला. मग तो थोडा सरकला आणि वाटी सापडली. मी तेव्हा दुकानदाराशी घासाघीस करत होतो. मला ते दिसलं आणि दिसूनही दिसलं नाही. बाबांनी वाटी पिशवीत टाकली आणि विचारलं, "साहेब, हाच पांढरा पाहिजे काय?" आम्ही दोघं एका सुरात हो म्हणालो.

पुढच्या आठवड्यात जुन्या टाइल्स निघाल्या, कपाटं निघाली. ओटा मात्र बाबांनी फोडू दिला नाही. "दगड येऊ द्या," म्हणाले. एक आठवडा गेला. दुसरा गेला. भिंती सोललेल्या, धूळ डब्यांवर, भांडी दिवाणखान्यात, आणि मधोमध तो फुटक्या कडांचा ओटा आणि त्यावर आईचा स्वयंपाक. बाबा दोन दिवसांआड येत, काहीतरी मापल्यासारखं करत, आईने दिलेला चहा पीत आणि जात. मी विचारलं की एकच उत्तर, "दगड नाई आला." टाइल्सवाला माझ्यावर ओरडायचा, मी बाबांवर ओरडायचो. नंदा मुकाट्याने दिवाणखान्यातल्या पातेल्यांना ठेचकाळत शाळेत जायची. बाबा सगळं ऐकून घेत. इतकं शांतपणे ऐकून घेत की माझा आणखीच भडका उडायचा.

तिसऱ्या आठवड्यात कारखान्यातून परतताना मी मोटरसायकल सरळ दगड कापतात त्या आवाराकडे वळवली. आत शिरलो तर भिंतीला टेकवून एक कापलेला दगड उभा, त्यावर गेरूने माझं आडनाव. काळा! पांढरा नाही, काळा, आणि तोही पॉलिश न केलेला, निस्तेज. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "दस दिन हो गये भाऊ. तुमच्याच मिस्त्रीनं थांबवून ठेवला."

माझं डोकं फिरलं. बाबा पलीकडे उकिडवे बसून एक पट्टी घासत होते. मी तिथेच, चारचौघांत, त्यांना वाटेल ते बोललो. खोटारडे म्हणालो. तीन आठवडे घर उकिरडा करून ठेवलं म्हणालो. कुणाचा तरी उरलेला काळा दगड आमच्या गळ्यात मारायला निघालात म्हणालो. "चोर" हा शब्दही माझ्या तोंडून गेला. कटरची मशीन कुणीतरी बंद केली होती आणि सगळं आवार ऐकत होतं. सत्तरीच्या माणसाला पोराच्या वयाच्या माणसाने असं बोलावं, आणि त्याने मान खाली घालून पट्टीवरचं पाणी हाताने निपटत राहावं!

माझं बोलून संपल्यावर ते उठले. "दगड आला होता साहेब. मी खोटं बोललो," ते म्हणाले. "पन घरी जाऊन आईले एक गोष्ट इचारा. ओट्याच्या कडा कवा फुटल्या, तेवढंच इचारा."

"त्याचा इथं काय संबंध?"

"तेवढंच इचारा साहेब. मंग मले अजून बोला. मी इथंच हावो."

घरी आलो. आई पोळ्या लाटत होती. मी चपलाही न काढता विचारलं, "आई, या कडा केव्हा फुटल्या?" तिचं लाटणं थांबलं. ती माझ्याकडे वळली आणि मला प्रथमच जाणवलं की ती माझ्याकडे पाहत नाहीये, माझा आवाज जिथून आला तिकडे पाहते आहे. मग पदराने हात पुसत ती खाली बसली आणि रडू लागली.

दोन वर्षं झाली होती. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग डावीकडचं जवळपास सगळंच. पातेलं उचलून ठेवायला जावं तर ते कडेवर आपटायचं, तांब्या काठावर आदळायचा. वीस वर्षं धड राहिलेली कड या दोन वर्षांत फुटली होती. कडप्प्याचा जुना टवका तेल पिऊन काळा पडतो, नवा करडा राहतो. आमच्या कडेचे सगळे टवके करडे होते. बाबांनी अंगठ्याखाली वाचलं ते हे. ज्या फुटक्या कडांची आम्हाला पाहुण्यांसमोर लाज वाटत होती, त्या आईच्या डोळ्यांनी फोडलेल्या होत्या.

पहिल्या आठवड्यातच, घरात दुसरं कुणी नसताना, बाबांनी तिला विचारलं होतं, "बाई, डाव्या बाजूचं दिसत नाई काय?" आईने आधी झटकून टाकलं. मग कबूल केलं आणि हात जोडले. "पोराले सांगू नोका भाऊ. तो मले सैपाकघरातून उठवन. मंग मी काय करू? भिंतीकडं पाहात बसू?" बाबा म्हणाले होते, "तुमचं दुखनं हाय, तुमीच सांगा. मी नाई सांगत. पन तुमी सांगतल्याबिगर मी दगड बी बसवत नाई. पांढऱ्या दगडावर तुमाले कनीक दिसनार नाई, वाटी दिसनार नाई. हात भाजून घ्यान." दर दोन दिवसांनी येऊन ते तिला हळूच विचारत, "सांगतलं काय?" ती मान हलवे. आणि ते बाहेर येऊन माझ्या शिव्या खात.

आईला लगेच डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्यातलं गेलेलं परत येणार नव्हतं. उजव्याला सुरुवात झाली होती. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आणखी सहा महिने थांबला असता तर? घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?" मी म्हणालो, आलं होतं, आमच्या मिस्त्रींच्या. बाईंना वाटलं मी थट्टा करतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदा आणि मी दोघेही त्या आवारात गेलो. मी चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघांतच पाया पडलो. बाबा एकदम संकोचले, मला दंडाला धरून उठवत म्हणाले, "राहू द्या साहेब. मी तुमच्या जागी असतो तर काठी घेऊन आलो असतो." आणि लगेच नंदाकडे वळून, गुन्हेगारासारखा चेहरा करून, "ताई, तुमचा पांढरा फेकला नाई मी. पाहा." ते घासत बसले होते ती पट्टी नंदाच्या पांढऱ्या दगडाची होती. बोटभर रुंद, गोल कडेची, पाण्याने घोटून घोटून गुळगुळीत केलेली. मधला दगड काळा, न चमकणारा, म्हणजे त्यावर कणीकही दिसेल आणि भांडंही दिसेल. आणि पुढच्या काठाला पांढरी पट्टी, जराशी उचललेली, म्हणजे ओटा कुठे संपतो ते उरलेल्या डोळ्याला दिसेल आणि हातालाही कळेल. नंदाने त्या पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश हात फिरवला.

हे सगळं त्यांनी आम्हाला न विचारता ठरवलं होतं, कापून तयार ठेवलं होतं. मी कारखान्यात इंजिनियर मंडळींनी काढलेली किती रेखाटनं रोज पाहतो. पण एका बाईचं हरवत चाललेलं जग एवढ्या हिशेबाने दगडात बसवलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. तिखट, मीठ आणि तेल यांच्या डब्यांसाठी त्यांनी दगडात तीन उथळ खळगे कोरले होते, आईच्या डाव्या हाताच्या अंतरावर. माप कधी घेतलं, देव जाणे. आई पहिल्यांदा नव्या ओट्यासमोर उभी राहिली, हात सहज पुढे नेला आणि तो सरळ मिठाच्या डब्यावर गेला.

त्या दिवशी ती कुणालाही आत येऊ देईना. सगळा स्वयंपाक एकटीने केला. भरीत, भाकरी, ठेचा, गोडाला लापशी. बाबा पाटावर बसले आणि पहिला घास घेऊन म्हणाले, "मीठ बरोबर हाय." एवढंच. आईने डोळ्यांना पदर लावला आणि वर दटावलं, "काहून थांबले गा भाऊ? घ्या ना अजून!" ते चार भाकरी जेवले.

नंतर बाबांचं काम कमी होत गेलं. दगडाच्या भुकटीने छाती धरली होती. ते मुलीकडे काटोलच्या बाजूला राहायला गेले. संत्र्यांच्या दिवसांत कुणाबरोबर तरी आईसाठी एक पिशवी यायची, वर चिठ्ठी नाही की निरोप नाही. मागच्या वर्षी पिशवी आली नाही. मी त्या आवाराच्या मालकाकडे चौकशी केली तेव्हा त्याने सांगितलं की पावसाळ्यातच गेले. त्यांचं नाव मला त्या दिवशी कळलं, आणि इतकं साधं नाव होतं की मला रडू आलं.

आईला सांगायला धीर होत नव्हता. संध्याकाळी ती भाकऱ्या करायला उभी होती तेव्हा सांगितलं. तिने गॅस बारीक केला. मग पिठात पुन्हा हात घातला. तिच्या पाठीकडे पाहत मी तिथेच उभा राहिलो आणि इतकी वर्षं मनात कुरतडत असलेलं शेवटी विचारलं.

"आई, मी रोज घरात होतो. सकाळ-संध्याकाळ तुझ्या समोर जेवत होतो. मला नाही सांगितलंस, आणि ज्याचं नावही माहीत नव्हतं त्या माणसाला सांगितलंस. असं काहून?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"त्यानं इचारलं, बापा," ती म्हणाली.